एका अक्षराचा निरोप

चिंताकी, ता. औराद
२ नोव्हेंबर २०२५

चि. राजपाल यास तुझ्या अण्णाचा जय भीम.

पत्र लिहायला तीन वर्षं उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुझी वहिनी म्हणाली, "माफी पहिल्याच ओळीत मागा. न्हाई तर तुमचं पत्र मोटार, पंप, बल्ब करत शेवटाला जाईल आणि माफी राहूनच जाईल." म्हणून मागितली. आता बाकीचं लिहितो.

अक्षर खालीवर झालं तर समजून घे. उजव्या डोळ्यापुढे साय धरल्यासारखं झालं आहे, आणि डावा त्याच्या मागोमाग निघाला आहे. सूनबाईने, आपल्या अमरदीपच्या पल्लवीने, ओळ धरायला फूटपट्टी दिली आहे. तू पस्तीस वर्षं पोरांच्या विज्ञानाच्या वह्या लाल पेनाने तपासल्यास. माझं पत्र मात्र पेन बाजूला ठेवून वाच. मी सहावीत शाळा सोडलेला माणूस आहे.

फोन कामून केला नाही म्हणशील. केला की. कितीदा केला. तुझा नंबर लावला की एक बाई आधी कन्नडात आणि मग इंग्रजीत काही तरी सांगते आणि आवाज बंद होतो. पल्लवी म्हणाली, "मामा, काकांनी तुमचा नंबर ब्लॉक केलाय."

"म्हणजे बिघडलाय का?"

"न्हाई मामा. मुद्दाम केलाय."

राजपाल, आपल्या काळात अबोला धरायचा तर समोरच्याला बघून तोंड फिरवावं लागायचं. त्याला दिसायचं, आपल्यालाही ते जड जायचं, आणि आठ-पंधरा दिवसांत मान दुखून अबोला सुटायचा. आता एक बोट लावलं की अबोला लागतो आणि तो आपोआप चालत राहतो. हे काही मला पटलेलं नाही.

आता मुद्द्याचं. बिदरच्या डोळ्याच्या डॉक्टरने उजव्या डोळ्याचा मोतिबिंदू काढायला सांगितला आहे. तारीख दिली आहे, सोमवार २४ नोव्हेंबर. म्हणतो, आणखी थांबलात तर तो दगडासारखा होईल, मग काढणं अवघड. आपलं उपजत भिंग काढून टाकणार आणि त्या जागी प्लास्टिकचं भिंग बसवणार. मला तेव्हापासून झोप नाही. आमच्या माळवदावर ठेवलेली प्लास्टिकची बादली मे महिन्यात मऊ होते, कडी धरली की वाकते. डोळ्यातलं भिंग मऊ पडलं तर? दुसरं, तो म्हणतो की मोतिबिंदू आवाजाच्या लहरींनी फोडतात. आवाजाने कान फुटतात हे ऐकलं होतं. डोळा आवाजाने दुरुस्त होतो हे मला तू सांगितल्याशिवाय खरं वाटणार नाही. डॉक्टरला विचारलं तर तो हसून "काही होत न्हाई" म्हणाला. ते तो सगळ्यांनाच म्हणतो, मी बाकावर बसून ऐकलं आहे.

चंद्रावर माणूस गेला ते मी तू सांगितलं म्हणून मानलं. ग्रहणात जेवलो, तेही तू सांगितलं म्हणून. तेव्हा तुझा शब्द आल्याशिवाय मी त्या टेबलावर चढणार नाही, असं मी घरात सांगून टाकलं आहे. त्यावर भागाबाईचं म्हणणं, "डोळा तुमचा, भिंग डॉक्टरचं. मधे भावजींचा शब्द कशाला?" तिला नाही कळत. तुला कळतं.

राजूबाईच्या वेळी मी उशिरा पोचलो, हे मला रोज आठवतं. अठरा ऑगस्टला आपल्या बाच्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं. संध्याकाळी तुझा निरोप आला, नुसतं एक अक्षर, "बा". मला वाटलं, तिकडे गुलबर्ग्याला इतक्या लांब तुलाही बाची आठवण आली. डोळ्यात पाणी आलं माझ्या. बाला आवडायची म्हणून शेवयाची खीर केली होती, ते मी पल्लवीकडून तुला उलट कळवलं. तुझी बायको दवाखान्यात आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अमरदीपने हैदराबादहून गुरुबसवच्या चहाच्या दुकानात फोन करून कळवलं की राजूबाई गेली. आम्ही निघालो तसे आलो, तर सगळं आटोपलं होतं. त्या दिवशी आमच्याकडे टॉवर नव्हता. तुझे फोन आले असतील तर त्यामुळे लागले नसतील.

तू मला एकच विचारलंस. "खीर गोड झाल्ती का, अण्णा?" मी म्हणलं, "व्हय, जरा गूळ जास्त पडला." त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. त्यात माझं काय चुकलं ते मी तीन वर्षं शोधतो आहे.

असो. भिंगाचं तेवढं कळव.

तुझा अण्णा
मारोती


चिंताकी
८ नोव्हेंबर २०२५

चि. राजपाल यास जय भीम.

पहिलं पत्र पोचलं असेल. टपालातल्या बाईने पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "अज्जा, आता हाताने लिहिलेलं कुणी आणत न्हाई, बँकेचंच येतंय सगळं." उत्तर आलेलं नाही. टपाल हळू चालतं, असं मी घरात सांगतो. भागाबाई भाकरी जोरात थापते.

एक ऐक. पंचायतीच्या बोअरची मोटार मी एकवीस वर्षं चालवली, हे तुला ठाऊक आहे. हिरवं बटन दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. पहाटे उठून जायचो, मोटारीवर हात ठेवायचो. नुसत्या थरथरीवरून मला कळायचं की पाणी खाली गेलंय का वर आहे. आता त्या पेटीत सिमकार्ड घातलं आहे. माझ्या जागी आलेला माणूस घरात चहा पीत मोटारीला फोन लावतो आणि मोटार सुरू होते. मी गुरुबसवच्या दुकानात म्हणलं, "ह्यात काय शहाणपण? मोटारीच्या अंगावर हात ठेवल्याबिगर तिचं दुखणं कळतंय व्हय?" तर गुरुबसव सगळ्यांपुढे म्हणाला, "मारोती, तुझ्यापरीस मोटार शाणी की रे. ती फोन तरी उचलती."

सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसत आलो आणि मग जेवलो नाही.

आणखी एक गंमत. आपलं गाव तीन राज्यांच्या असं सांध्यावर आहे की फोनला कळतच नाही आपण कुठले. मी बाजेवर बसलेलो असतो आणि फोन म्हणतो, महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे. बाज उचलून कडुनिंबाखाली घेतली की पुन्हा कर्नाटक. मागे एकदा तर बाज न हलवता तेलंगणात गेलो होतो. बा असता तर म्हणला असता, एवढं फिरवतंय तर जेवायला बी घाल म्हणावं.

बाची आठवण निघाली म्हणून लिहितो. त्र्याहत्तर साल असेल, तू औरादला दहावीला होतास. बा हैदराबादला दगडाच्या कामावर जाऊन आला तेव्हा ट्रान्झिस्टर घेऊन आला होता. आपल्या सगळ्या वस्तीत तेवढा एकच. संध्याकाळी दारात माणसं बसायची, कुणी पटका सोडून, कुणी पोर मांडीवर घेऊन. तुझं आपलं काही तरी चाललेलंच असायचं. त्या दिवशी तू मायचा पिठाचा पितळी डबा रिकामा केलास, ती ओरडायली तरी ऐकलं नाहीस. गाणं चालू असताना ट्रान्झिस्टर डब्यात ठेवलास आणि झाकण घट्ट लावलंस. गाणं बंद! झाकण काढलं, गाणं सुरू. पुन्हा लावलं, बंद. माणसं पुढे सरकली. आणि बा ताडकन उठला.

"झाकण काढ रे, आत माणूस गुदमरंल!"

किती हसलो आपण. तू पोट धरून हसलास आणि मग मास्तरासारखा बाला समजावायला लागलास. "बा, आत माणूस न्हाई. लहरी हायत. धातूतनं लहरी पार होत न्हाईत."

"मग गाणारा कुठं हाय?"

"हैदराबादला."

बाने थोडा विचार केला आणि म्हणला, "मग तिथं गुदमरला असंल की." तरी त्याने डब्याचं झाकण तुझ्या हातातून घेतलं आणि गाणं संपेपर्यंत स्वतःच्या मांडीवर ठेवलं.

मी त्या दिवशी शिकलो की लहरी धातूतून जात नाहीत. शाळेत शिकलेलं सगळं विसरलो, पण ते कधी विसरलो नाही. माझं जे काही विज्ञान आहे ते तुझ्याकडून ऐकून आलेलं आहे. राजूबाई नव्याने घरात आली तेव्हा म्हणायची, "भावजी, तुम्हाला यांनी शिकवलं का तुम्ही यांना?" मी म्हणायचो, फी मी भरली आणि शिकवणी त्याने घेतली. चांगली हसायची बिचारी.

हे लिहीत असताना भागाबाई मागे येऊन उभी राहिली. विचारायली, "काय लिवायलाव?"

"रेडिओचं."

"आणि डब्याचं?"

"लिवलं की डब्याचं."

"कोणत्या डब्याचं?"

मी म्हणलं, चुलीवर दूध आहे, जा बघ.

ती गेली, पण जाताना बघून गेली. पत्र इथेच संपवतो. येत्या मंगळवारी, म्हणजे अकरा तारखेला, भिंगाचं माप घ्यायला बिदरला बोलावलं आहे. माप घेण्यापुरता जातो. मापाला काही होत नाही, असं मला वाटतं. तुला वेगळं वाटत असलं तर त्याआधी कळव.

अण्णा


चिंताकी
१३ नोव्हेंबर २०२५

राजपाल,

आज मोटार, पंप काही लिहिणार नाही. फूटपट्टीही घेतली नाही. वाकडं गेलं तर जाऊ दे.

मंगळवारी पल्लवीबरोबर बिदरला गेलो. डोळ्यात थेंब घालून बाकावर बसवलं, पाऊण तास. त्या थेंबांनी सगळं पसरट झालं. माणसं म्हणजे नुसते रंगाचे डाग, आणि खिडकीतला उजेड सुयांसारखा टोचायचा. पल्लवी कागद करायला गेली होती. रुद्रम्मा म्हणून एक नर्स आहे, वयस्कर. ती दारातून एकेकाला हाक मारत होती. कुणाला नाव घेऊन "बर्री, बर्री", म्हणजे या. मी डोळे मिटून ऐकत होतो.

मग आवाज आला, "बा."

मला वाटलं, कुणी तरी बापाला हाक मारतंय. कुणाचा बा आहे म्हणून मी तसाच मान वळवून बघायला लागलो. दिसत तर काही नव्हतं. पुन्हा, "बा." मग अगदी कानाजवळ, "बा अज्जा, ओळगे बा. हेदरबेड." म्हणजे ये आजोबा, आत ये, भिऊ नकोस.

मी बाकाची कड धरून बसून राहिलो. तिला वाटलं म्हातारा यंत्राला भ्यायला. तिने हात धरला आणि मला आपल्या बापाला नेतात तसं आत नेलं. यंत्रावर हनुवटी ठेवून मी बसलो आणि तो पोरगेला डॉक्टर सारखा म्हणायला लागला, "अज्जा, हलू नका, डोळ्यात पाणी आणू नका, माप चुकतंय." तीनदा घेतलं माप.

बाहेर येताना रुद्रम्माला विचारलं, "बाई, बाकीच्यांना बर्री म्हणलात, मलाच कामून बा?" ती मराठीत म्हणाली, "राग आला का अज्जा? आपल्या माणसाला बा म्हणतेत की. तुम्ही आमच्या अप्पासारखे दिसायलाव."

राजपाल, मला कन्नड येत नाही असं नाही. जन्म ह्याच मातीत गेला. औरादच्या बाजारात दिवसातून पन्नास वेळा बा ऐकतो, गुरुबसव गल्ल्यावरून मला तसाच बोलावतो. पण आपल्या घरात बा म्हणजे एकच. आणि दिवसही नेमका त्याचाच. तू चाळीस वर्षं गुलबर्ग्यात राहिलास, कन्नडात शिकवलंस, कन्नडात भांडलास. घाईत तुझ्या बोटांतून कन्नडच येणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुझं अक्षर मी मराठीत वाचलं.

घरी आल्यावर पल्लवीला म्हणलं, तो निरोप काढ. फोन तोच आहे, अमरदीपने दिलेला. ती बोटाने वर वर जात राहिली, किती तरी वेळ. मग थांबली.

"मामा, अक्षर कन्नड हाय की हे."

"तवा कामून न्हाई सांगितलंस?"

"मी हुलसूरला कन्नड शाळेत शिकले मामा, घरी मराठी. मला दोन्ही सारखंच वाचायला येतंय. वाचताना कुठलं अक्षर हाय ते ध्यानात बी येत न्हाई." आणि रडायला लागली. तिचा काय दोष? नवी सून, हातात माझा फोन, तिने जे होतं ते वाचून दाखवलं. घरात खीर शिजत होती, भिंतीवर बाच्या फोटोला हार होता.

त्या निरोपाच्या वर इंग्रजीतले सात निरोप होते. कंपनीचे रोज दहा येतात, ते कोण वाचतं? पल्लवीने ते मंगळवारी पहिल्यांदा वाचले. फोन लागला नाही की कंपनी कळवते तसले, आणि सातही तुझ्या फोनचे. पहिला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, शेवटचा दुपारी चारला.

आता ते लिहितो, जे भागाबाईने विचारलं होतं.

टॉवर नव्हता हे मी खोटं लिहिलं. टॉवर होता. फोन डब्यात होता.

त्या वर्षी माझ्या छातीत धडधडायचं. गुरुबसवच्या मोबाईलवर एक माणूस सांगत होता की फोनच्या लहरी काळजाला लागतात. मी पुष्कळ विचार केला आणि मला तुझा पितळी डबा आठवला. पल्लवीच्या माहेरून शेव आली होती, त्याचा स्टीलचा डबा रिकामा होता, घट्ट झाकणाचा. दिवसभर फोन त्यात ठेवायचा आणि संध्याकाळी दूध काढायच्या वेळेला अर्धा तास बाहेर काढायचा, असं मी सुरू केलं. घरात सगळ्यांना ऐटीत सांगितलं की हे राजपालचं विज्ञान आहे. लहरी डब्याबाहेर येणार नाहीत. भागाबाई तेव्हाच म्हणाली होती, "मग कुणी फोन केला तर?" मी म्हणलं, तुला विज्ञानातलं काय कळतंय.

तू दाखवलं होतंस की लहरी आत जात नाहीत. मी आयुष्यभर त्यातलं उलटं तेवढं धरून बसलो, की बाहेर येत नाहीत.

काल पल्लवीने तुझ्या लेकीला, पंचशीलाला, सोलापूरला फोन केला. तिने सगळं सांगितलं. त्या दिवशी सकाळपासून डॉक्टर तुला विचारत होते म्हणे, राजूबाईला मशीनवर ठेवायचं का. पोरगी अजून वाटेत होती. तू प्रत्येक वेळी सांगितलंस, "आमचे अण्णा येऊ द्या, मग सांगतो." एवढा शिकलेला तू. जगातल्या सगळ्या यंत्रांचं तू मला सांगायचास, आणि त्या एका यंत्राचं तुला मला विचारायचं होतं. बिदरहून रेल्वेने मी दुपारी तुझ्याजवळ आलो असतो. मी काय सांगितलं असतं मला ठाव नाही. पण बाकावर तुझ्या शेजारी बसलो असतो.

संध्याकाळी तुला माझं उत्तर आलं. पल्लवीने मला ते पुन्हा वाचून दाखवलं, मीच वाचायला लावलं. "आम्हाला पण बाची आठवण आली. शेवयाची खीर केली. तू पण गोड खा."

आणि दुसऱ्या दिवशी तू विचारलंस तर मी गुळाचं सांगितलं.

पितळी डब्यापुढे बा ताडकन उठला तेव्हा आपण सगळे त्याला हसलो होतो. बा बरोबर होता, राजपाल. डब्यात माणूस होता.

मारोती


चिंताकी
१७ नोव्हेंबर २०२५

चि. राजपाल यास जय भीम.

हे पत्र गुरुवार-शुक्रवारपर्यंत तुला मिळावं म्हणून स्वतः औरादला जाऊन टाकणार आहे. एका डोळ्याने बसची पाटी वाचता येत नाही, पण ड्रायव्हर ओळखीचा आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझा शब्द आल्याशिवाय टेबलावर चढणार नाही. ते परत घेतो. तुला गरज होती तेव्हा तू माझ्या शब्दासाठी दिवसभर थांबलास आणि तो आला नाही. आता मी कोणत्या तोंडाने माझ्या डोळ्यासाठी तुला अडवू? चोवीस तारखेला मी जाणार आहे. भिंग मऊ पडलं तर पडलं. रुद्रम्माला मी बादलीचं विचारलं होतं. ती म्हणाली, "अज्जा, डोळा काय माळवदावर ठेवणार हाव का?" हे मला सुचलं नव्हतं. आवाजाने मोतिबिंदू कसा फुटतो ते मात्र अजून कळलेलं नाही. ते कळायची घाई नाही.

शेवेच्या डब्यात आता शेव आहे. फोनला भागाबाईने खणाची पिशवी शिवली आहे, ती दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते, दिवसभर. तिथे रेंज चांगली असते, महाराष्ट्राची असो की आपली. तिच्या जवळून जाताना छातीत थोडं धडधडतं. ते लहरींनी होतं की कशाने, ते मला आता ठामपणे सांगता येत नाही. रात्री मात्र पिशवी मी उशाला घेतो. भागाबाई म्हणाली, "आता काळजाला लागत न्हाई व्हय?" मी म्हणलं, लागू दे.

आणखी एक. पल्लवीकडून मी एक अक्षर शिकायला घेतलं आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. तिने दारामागच्या भिंतीवर खडूने हाताएवढं मोठं काढलं आहे, मला दिसावं म्हणून. कन्नडातला बा. तुला रोजचं आहे, मला नवं आहे म्हणून सांगतो. ते अक्षर तोंड उघडं असलेल्या भांड्यासारखं दिसतं, बाजूला धरायला कडी. झाकण नाही. मी रोज बोटाने गिरवतो. भागाबाई जाता-येता म्हणते, "सहावीत शाळा सोडली, आता पहिलीत बसलाव." बसलो आहे खरा.

राजूबाईचं मला काही लिहिता येत नाही. लिहायला बसलो की ओळ खाली जाते. तुझ्यासमोर बसून सांगेन, नाही तर नुसता बसेन. तू बोलायलाच पाहिजेस असं नाही. आपण दोघं बाच्या दारात किती वेळा न बोलता बसलेलो आहोत, मधे ट्रान्झिस्टर ठेवून.

मी तुला "ये" म्हणणार नाही. तो हक्क माझा राहिला नाही. तूच मला बोलव. पत्र लिहायचा कंटाळा असेल तर लिहू नकोस. तो ब्लॉक तेवढा काढ आणि तुझ्या भाषेत ते एक अक्षर पाठव, दुसरं काही नको. चोवीसच्या आधी आलं तर डोळा बिदरला थांबेल, मी आधी तुझ्याकडे येईन. नंतर आलं तर पट्टी बांधून येईन, रेल्वेत पल्लवी हात धरेल.

पण लवकर पाठव. पिशवी दाराला आहे आणि मी तिच्याखाली बाज टाकून बसलो आहे. आता ते अक्षर मला वाचायला येतं.

तुझा अण्णा
मारोती